मुंबईत ॲप-कॅब चालवायची आहे? आधी बिल्ला, मग गाडी

दिवाळी नुकतीच झाली होती. साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी बुक केली. पुढच्या शनिवारी ताब्यात मिळते. बॅजचं तेवढं बघून दे." मी काही बोलणार, तोवर त्यानं पेढे कधी आणू ते विचारलंसुद्धा.

गाडी आली, पिवळी नंबरप्लेट लागली. आणि पुढचे साडेतीन महिने ती माझ्या चाळीमागच्या गल्लीत कव्हर घालून उभी राहिली. बॅज, म्हणजे भाड्यानं प्रवासी नेण्यासाठी आरटीओ देतो तो बिल्ला, नव्हता. लायसन्सवर गावचा पत्ता, आधारवर नाव एका तऱ्हेनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाला. मावसभाऊ रोज सकाळी खाली उतरायचा, कव्हर बाजूला करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि पुन्हा कव्हर घालून वर यायचा. ते दहा मिनिटांचं इंजिन मी वरच्या खिडकीतून ऐकायचो. त्यानंतर गावाकडून जो कुणी विचारतो त्याला पहिलं वाक्य हेच सांगतो: आधी माणसाचे कागद, मग गाडीचे. गाडी शोरूमला कधीही मिळते.

गेली काही वर्षं मी मुंबईत ॲपवर कॅब चालवतोय. खाली जे लिहिलंय ते ओला, उबर किंवा तशाच ॲपवर चारचाकी चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. काळी-पिवळी मीटर टॅक्सी आणि रिक्षा यांचं परमिट हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

पायरी पहिली: लायसन्स नीट वाचा

हातातलं लायसन्स उलटसुलट करून पाहा. नव्या नमुन्याच्या कार्डावर मुदतीच्या दोन जागा असतात, एक 'एनटी' म्हणजे खासगी वापराची आणि दुसरी 'टीआर' म्हणजे व्यावसायिक वापराची. बहुतेकांच्या कार्डावर टीआरची जागा रिकामी असते. वाहनाचा वर्ग 'एलएमव्ही' असतो, म्हणजे हलकं मोटार वाहन.

लायसन्सच नसेल तर सुरुवात लर्निंगपासून. परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज होतो. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत. केंद्रीय नियमांतली मूळ फी फार नाही: लर्निंग लायसन्सला वर्गामागे १५० रुपये, त्याच्या परीक्षेला ५०, गाडी चालवण्याच्या चाचणीला ३०० आणि पक्कं लायसन्स देण्याचे २००. कार्ड आणि टपालाचा खर्च त्यावर लागतो. एजंट पाच-सहा हजार सांगतो तेव्हा हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

लर्निंग ६ महिने चालतं. मिळाल्यावर ३० दिवस झाले की पक्क्या चाचणीला बसता येतं. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा, आणि तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीनंतर ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून 'बघू जमलं तर' म्हणून चाचणीला जाऊ नका. रिव्हर्स आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, या दोन गोष्टी घोटूनच जा.

आता व्यावसायिक गाडीचा प्रश्न. कायद्यानं व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत, खासगी गाडीला १८ पुरतात. पूर्वीची सरळ वाट अशी होती: एलएमव्ही लायसन्सला एक वर्ष झालं की व्यावसायिक वर्गासाठी पुन्हा लर्निंग, मोटार ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म ५ मधलं प्रमाणपत्र, डॉक्टरांचं फॉर्म १-ए, चाचणी आणि मग कार्डावर 'टीआर'.

मग सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं की ७,५०० किलोंपर्यंतची व्यावसायिक गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही. त्यावर विमा कंपन्यांनी वाद घातला. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तोच निर्णय कायम केला. डिझायर, वॅगनआर, अर्टिगा सगळ्या या वजनात आरामात बसतात. अपघात झाला आणि विमा कंपनी 'टीआर नाही' म्हणून हात वर करू लागली, तर हा निकाल तुमच्या बाजूनं उभा आहे.

तरीही पुढचा अर्ज करण्याआधी आपल्या आरटीओत एकदा विचारून घ्या. आपल्या जुन्या लायसन्सवर थेट बॅजचा अर्ज घेतात की आधी काही नोंद करायला सांगतात, हे खिडकीवर पाच मिनिटांत कळतं. आणि एक लक्षात ठेवा. कोर्टाचा निकाल लायसन्सबद्दल आहे. बॅज ही वेगळी गोष्ट आहे.

पायरी दुसरी: बॅज, म्हणजे आपला बिल्ला

जुने टॅक्सीवाले याला 'बिल्ला' म्हणतात. नंबर कोरलेला धातूचा तुकडा, छातीवर लावायचा. भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या वाहनाच्या चालकाला राज्याच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे आरटीओ हे अधिकारपत्र देतो. सारथीवर 'पीएसव्ही बॅज' या नावाखाली अर्ज सापडतो. पीएसव्ही म्हणजे सार्वजनिक सेवा वाहन.

मुंबईत चार आरटीओ आहेत: ताडदेवचं एमएच-०१, अंधेरीचं एमएच-०२, वडाळ्याचं एमएच-०३ आणि बोरिवलीचं एमएच-४७. तुम्ही जिथे राहता ते ज्याच्या हद्दीत येतं, तिथे काम. ठाण्याचं एमएच-०४, नवी मुंबईचं एमएच-४३, कल्याणचं एमएच-०५. माझा मावसभाऊ इथेच अडकला. राहायला चेंबूरला, लायसन्सवर पत्ता सातारा जिल्ह्यातला. आधी पत्ता बदलावा लागला, आणि पत्ता बदलायला इथला पुरावा हवा. नातेवाइकाकडे राहणाऱ्यांना हा पुरावा कुठून आणायचा हा मोठाच प्रश्न असतो. खोली भाड्यानं असेल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार करून घ्या. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून सही केलेला कागद चालेल असं घरमालक सांगतो, पण तो खिडकीवरून परत येतो. कराराच्या जोरावर आधार बदला, आधारवरून लायसन्स. लायसन्सवरचा पत्ता बदलणं आता आधार-पडताळणीनं ऑनलाइन होतं, त्यासाठी रांग नाही.

बॅजसाठी तीन कागद महत्त्वाचे. यांतलाच एखादा प्रत्येकाला रखडवतो.

पहिला, अधिवासाचा दाखला. सगळे त्याला 'डोमिसाइल' म्हणतात, कागदावर नाव असतं 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी रेशनकार्डं, वीजबिलं जे असेल ते गावाहून मागवून घ्या. शाळेचा दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढणं हेच पहिलं काम समजा, कारण मुलगा इथे आणि शाळा गावाला, यात महिना सहज जातो. मे महिन्यात तर शाळा बंद असते. आणि जूनमध्ये दाखल्यांसाठी तहसीलला विद्यार्थ्यांची झुंबड उडते. जमलं तर हा कागद हिवाळ्यात काढा.

दुसरा, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन, मग स्थानिक पोलीस ठाण्याकडून बोलावणं येतं. कागद तपासतात, चौकशी होते. ज्या काळात मुंबई सोडून गावी राहिलात तो पत्ताही खरा लिहा. कधीकाळी भांडणाचा गुन्हा नोंदला गेला असेल, कोर्टात तारीख चालू असेल, तर तो लपवू नका. नोंद त्यांच्याकडे निघतेच, आणि मग गुन्ह्यापेक्षा लपवाछपवी जास्त अंगाशी येते. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत जोडा.

तिसरा, डॉक्टरांचं फॉर्म १-ए. यावर बरेचजण सही-शिक्का विकत आणतात. तसं करू नका. या फॉर्ममध्ये रंगांधळेपणा, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, कान, हात-पाय, यांबद्दल प्रश्न आहेत. रात्री दोन वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात तेव्हा ही तपासणी आपल्यासाठीच होती हे पटतं. साखर आणि रक्तदाब त्याच दिवशी बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या तीन ड्रायव्हरना आपल्याला साखर आहे हे याच निमित्तानं कळलं.

मराठीचं कामचलाऊ ज्ञान ही बॅजची अट आहे. इथे जन्मलेल्याला त्याचं काही वाटत नाही. बाहेरून आलेल्या मित्रांना मी सांगतो की भीती धरू नका. पत्ता विचारता येणं, फलक वाचता येणं, सुट्ट्या पैशांचं आणि भाड्याचं बोलता येणं, एवढं जमलं की काम होतं. रोज आमच्यासोबत चहाला उभे राहा, महिन्याभरात जमतं.

नावाचा घोळ, जो सगळ्यांच्या वाट्याला येतो

यावर जरा थांबायला हवं, कारण मी पाहिलेले निम्मे अर्ज इथेच अडकले.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर आडनावाला 'डबल ओ', दुसऱ्यावर 'यू'. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही. ॲपच्या नोंदणीत लायसन्सवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव यंत्र ताडून बघतं आणि अक्षर चुकलं की कागद परत करतं. परत करताना नेमकं काय चुकलं हे नीट सांगत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. कुठलाही अर्ज करण्याआधी एका संध्याकाळी जमिनीवर सगळे कागद पसरा: आधार, पॅन, लायसन्स, शाळेचा दाखला, पासबुक. एका वहीच्या पानावर प्रत्येकावरचं नाव, स्पेलिंगसकट, एकाखाली एक लिहा. जन्मतारीखही लिहा. जे सगळ्यांत जास्त कागदांवर सारखं आहे ते नाव कायम ठरवा आणि बाकीचे त्याला जुळवा. आधार आणि पॅन दुरुस्त होतात. शाळेच्या दाखल्यावरचं नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेपा घालायची गरज नाही. राजपत्राच्या त्या पानाच्या चार प्रती काढून ठेवा, ते पान आयुष्यभर लागतं.

मावसभावाचा घोळ आडनावाच्या एका अक्षराचा होता. एका अक्षरासाठी दोन हप्ते भरले त्यानं.

पायरी तिसरी: गाडी कुणाची

बॅज हातात आला की दोन रस्ते. स्वतःची गाडी घ्या, ज्याला आमच्यात 'डीसीओ' म्हणतात, म्हणजे चालकही तोच आणि मालकही तोच. नाहीतर दुसऱ्याची गाडी रोजानं चालवा.

मी नव्या माणसाला पहिले सहा महिने दुसऱ्याचीच गाडी चालवायला सांगतो. शहर कळतं, कुठल्या वेळी कुठे उभं राहायचं हे कळतं, पाठ किती तास टिकते हेही कळतं. धंदा झेपला नाही तर गाडी परत करून घरी जाता येतं, कर्ज परत करता येत नाही. पण चार गोष्टी लेखी घ्या: रोजचं भाडं, डिपॉझिटची पावती, गाडी गॅरेजला असेल त्या दिवसाचं भाडं कोण भरणार आणि चलन, म्हणजे वाहतुकीचा दंड, कोणाच्या नावावर. चलन गाडीच्या नंबरवर येतं. तुम्ही गाडी हातात घेतली त्या दिवशी आधीची थकलेली चलनं किती होती त्याचा स्क्रीनशॉट काढून मालकाला पाठवून ठेवा. मला एका मालकानं माझ्या आधीच्या ड्रायव्हरची चलनं डिपॉझिटमधून कापून दाखवली होती, तेव्हापासून ही सवय लागली.

स्वतःची गाडी घेताना शोरूमला पहिल्याच वाक्यात सांगा की टॅक्सी म्हणून नोंदणी हवी. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असतो, कर वेगळा लागतो, विमा वेगळा असतो. घरच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीवर 'थोडे दिवस' भाडी मारण्याचा विचारही नको. परमिटशिवाय भाडं मारताना सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या अवस्थेत अपघात झाला तर खासगी विमा उपयोगाचा राहत नाही. जुनी खासगी गाडी पिवळ्या प्लेटवर आणता येते, पण कर्ज चालू असेल तर बँकेची ना-हरकत, कराचा फरक आणि फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा दाखला, हे सगळं आलं.

गाडी घेताना आसनांकडेही लक्ष द्या. कायद्यात चालक सोडून ६ प्रवाशांपर्यंतची गाडी 'मोटर कॅब', त्यावर १२ पर्यंत 'मॅक्सी कॅब'. सात आसनी अर्टिगा म्हणजे ६ अधिक १, ती मोटर कॅबमध्ये बसते. आठ आसनी गाडी घेतलीत की वर्ग बदलला, कर बदलला.

जुनी टॅक्सी विकत घेणाऱ्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, कर कुठपर्यंत भरला आहे आणि चलनं, एवढं तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. गाडीचं वयही बघा. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या ॲग्रिगेटर (म्हणजे ॲप चालवणारी कंपनी) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ८ वर्षांहून जुनी गाडी ॲपवर घेता येत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून सात वर्षांची गाडी घ्याल आणि वर्षभरात ॲप दार बंद करेल.

पायरी चौथी: गाडीचे कागद

परमिट: ॲप-कॅब टुरिस्ट परमिटवर धावतात, राज्याच्या किंवा अखिल भारतीय. अखिल भारतीय परमिटचे नवे नियम १ मे २०२३ पासून लागू आहेत आणि अर्ज ऑनलाइन होतो. मुंबईत राहून कधी गोव्याचं, कधी शिर्डीमार्गे सुरतेचं भाडं घ्यायचं असेल तर अखिल भारतीय बरं. परमिट टुरिस्ट आहे हे विसरू नका. रस्त्यात हात दाखवणाऱ्याला बसवण्याचा हक्क काळ्या-पिवळीचा आहे, आपण फक्त आधी ठरलेलं भाडं घ्यायचं. विजेवर चालणारी गाडी घेतलीत तर केंद्रानं २०१८ मध्येच अशा व्यावसायिक गाड्यांना परमिटच्या अटीतून सूट दिली आहे. त्यांची प्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं.

फिटनेस: नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तपासणीला नेण्याच्या आदल्या दिवशी रिफ्लेक्टर टेप, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, स्टेपनी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक हे हातानं तपासा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक ठेवू नका. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या प्रवासी गाडीला जीपीएस ट्रॅकर आणि पॅनिक बटण असावं लागतं. बटण नुसतं असून भागत नाही, ट्रॅकरचं रिचार्ज संपलेलं असेल तर तपासणीत गाडी परत येते. आणि ते बटण खरंच चालतं का हे एकदा दाबून पाहाच. मागे बसलेली बाई त्याच्या भरवशावर रात्री गाडीत बसते.

सीएनजी: मुंबईत ॲप-कॅब म्हणजे बहुधा सीएनजीच. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकी दाब सोसते का याची तपासणी, दर तीन वर्षांनी असते. तारीख कंप्लायन्स प्लेटवर असते. पंपावरचा मुलगा ती प्लेट वाचतो आणि मुदत संपली असेल तर नोझल लावत नाही. दीड तास रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आत्ताच बॉनेट उघडून बघा.

विमा: पॉलिसीवर 'प्रवासी वाहतूक, व्यावसायिक' असं लिहिलेलं हवं. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात आहे का बघा. दुसऱ्याची गाडी चालवत असाल तर ते संरक्षण मालकाचं असतं, तुमचं नाही. पगारी चालकाचं वेगळं कलम पॉलिसीत घालून घ्यायला मालकाला सांगा. त्याला येणारा जादा खर्च एका रात्रीच्या चहापाण्याएवढा असतो.

पीयूसी आणि फास्टॅग यांबद्दल वेगळं लिहायला नको.

पायरी पाचवी: ॲपवर नोंदणी

इथपर्यंत आलात तर हे सगळ्यांत सोपं. लायसन्स, बॅज, पोलीस पडताळणी, पॅन, आधार, बँक खातं, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, तुमचा फोटो. फोटो दिवसा, खिडकीसमोर, पांढऱ्या भिंतीपुढे काढा. कार्डाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि प्लास्टिकच्या चकाकीत नंबर झाकला जाऊ नये. कव्हरमधून काढूनच फोटो घ्या. लहान गोष्ट वाटते, पण अर्धे कागद याच कारणानं परत येतात.

'पैसे द्या, दोन दिवसांत आयडी चालू करून देतो' असं सांगणारी माणसं स्टेशनबाहेर आणि व्हॉट्सॲपवर खूप आहेत. दुसऱ्याच्या आयडीवर कधीही गाडी चालवू नका. ॲप मधूनच सेल्फी मागतं, चेहरा जुळला नाही की आयडी बंद. आणि त्या आयडीवर काही गुन्हा घडला तर पोलीस गाडीपाशी येतात तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही असता.

केंद्राच्या २०२५ च्या सूचनांमध्ये चालकाच्या बाजूच्या काही गोष्टी आहेत, त्या प्रत्येकानं माहीत करून घ्याव्यात. कामाला लागण्याआधी ४० तासांचं प्रशिक्षण, किमान ५ लाखांचा आरोग्य विमा, किमान १० लाखांचा मुदत विमा, आणि स्वतःची गाडी असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा. या सूचना राज्यांनी आपल्या नियमांतून लागू करायच्या असतात. महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नियमांचा मसुदा काढला. नोंदणी करताना ॲपच्या करारात वाटा आणि विमा कुठे लिहिलाय ते शोधा, मराठीत प्रत मागा. 'मान्य आहे' दाबण्याआधी त्या पानाचे स्क्रीनशॉट काढा. उद्या संघटनेत किंवा कामगार आयुक्तांकडे जायची वेळ आली तर हातात काहीतरी असलं पाहिजे. ई-श्रम संकेतस्थळावर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नावही नोंदवा, पाच मिनिटांचं काम आहे.

रस्त्यावर, आणि पुढच्या वर्षांत

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली लायसन्स आणि आरसी कायद्यानं चालते. तरी बॅज अंगावर ठेवा. अधिकाऱ्यानं थांबवलं की इंजिन बंद, आतला दिवा चालू, प्रवाशाला एका वाक्यात सांगा की तपासणी आहे. कागद पूर्ण असले की आवाज आपोआप खाली राहतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

व्यावसायिक लायसन्सची मुदत सप्टेंबर २०१९ पासून ५ वर्षं झाली, आधी ती ३ होती. त्याच दुरुस्तीनं एक सवलतही गेली: पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं, आता धरत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणजे आळसाला एक वर्ष मागे आणि एक वर्ष पुढे आहे, पण पुढच्या वर्षात गाडी चालवायची नाही.

माझ्या गाडीत सनव्हायझरच्या मागे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आहे. त्यावर पेन्सिलीनं आठ ओळी: लायसन्स, बॅज, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, सीएनजी टाकी, ट्रॅकर. प्रत्येकापुढे तारीख. तारखेच्या दोन महिने आधीचा महिना लाल पेननं. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावता येतो हे मलाही ठाऊक आहे, पण मोबाइल भाड्यांच्या आवाजानं इतका वाजत असतो की आणखी एक घंटा कानावर पडत नाही. पुठ्ठा मात्र ऊन आलं की व्हायझर खाली ओढताना समोर येतोच. मावसभावानं आपल्या गाडीतही तसाच लावलाय. त्याच्या पुठ्ठ्यावर नववी ओळ आहे, शेवटच्या हप्त्याची.